कान झाकावेत काय?

गेल्या फाल्गुनात नंदुरबार जिल्ह्यातील कोरीट गावी सप्ताहाच्या निमित्ताने दोन दिवस राहण्याचा योग आला. कीर्तन आटोपले, आरती झाली, मंडळी पांगली. आम्ही मंडपाच्या कडेला चहा घेत बसलो असता गावातला एक तिशीतला तरुण जवळ येऊन बसला. "बाबा, एक इचारनं व्हतं," एवढे म्हणाला आणि बराच वेळ गप्पच. मग हळूहळू सगळे बाहेर आले.

तो नंदुरबारला एका कचेरीत नोकरीस आहे. कचेरी म्हणजे एकच लांबट दालन, त्यात अकरा टेबले, वर खडखडणारे पंखे. एक जण फोनवर बोलतो तो साऱ्या दालनाने ऐकावे असा. दुसरा हातातले काम टाकून मोबाईलवर व्हिडिओ लावतो, तेही मोठ्याने. याचे काम आकड्यांचे. एक आकडा चुकला की कुणा गरिबाचे पैसे महिना महिना अडकतात. शेवटी पदरचे पैसे घालून याने हेडफोन घेतले आणि ते लावून कामाला बसू लागला. (गावातले एक म्हातारबाबा त्याला 'कानटोपी' म्हणतात!) चुका कमी झाल्या, संध्याकाळचे डोके दुखणे थांबले.

मग एके दिवशी धडगावकडची एक म्हातारी कागद घेऊन आली आणि याच्या टेबलाशी उभी राहिली. तिने हाक मारली असेल, नाहीतर साहेबाला हाक कशी मारावी म्हणून मारलीही नसेल. याची मान खाली, डोळे पडद्यावर, कान झाकलेले. शेजारच्यांनी पाहिले, पण काम याच्याकडचे, म्हणून कोणी बोलले नाही. याने मान वर केली तेव्हा टेबलाच्या कडेला अर्ज तेवढा होता. शिपाई म्हणाला, "लई वेळ उभी होती. बस चुकंल म्हणून गेली." हा स्टँडपर्यंत धावला, बस निघून गेलेली.

"बाबा, माझ्या हातून पाप घडलं का?"

आम्ही लगेच उत्तर दिले नाही, आणि त्याला कारण होते. एका आषाढीला पंढरपुरात धर्मशाळेतल्या गलक्याला कंटाळून आम्ही कानांत कापसाचे बोळे घालून झोपलो होतो. रात्री शेजारच्या वृद्ध वारकऱ्याच्या छातीत कळ आली. त्याने आम्हांला हाका मारल्या, आम्ही घोरत होतो. पलीकडच्या खोलीतली माणसे धावली, म्हातारा वाचला. सकाळी तो आम्हांला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

तेव्हा 'यंत्र वाईट, फेकून दे' असे सांगायला आमची जीभ रेटेना. शिवाय ते खरेही नाही. गोंगाट हा माणसाच्या दयेलाच खातो. १९७५ साली मॅथ्यूज आणि कॅनन या दोघा अभ्यासकांनी याची परीक्षा पाहिली. हाताला प्लास्टर घातलेला एक माणूस रस्त्यात पुस्तके पाडी, आणि कोण वाकून उचलून देतो हे ते मोजीत. शांत वेळी शंभरातले ८० लोक मदतीला आले. जवळच गवत कापायचे यंत्र घरघरत ठेवले, तेव्हा अवघे १५! माणसे त्याच प्रकारची, प्लास्टर तेच. तेव्हा ज्याने गोंगाटातून कान सोडवून घेतला त्याने कदाचित आपल्यातली माया वाचवण्याचीच सोय केली, असेही म्हणता येईल. जो दालनात व्हिडिओ लावून बसला, आधी त्याला विचारायला हवे. आणि आपण सप्ताहवाल्यांनीही थोडी मान खाली घालावी. रात्री दहानंतर कर्णा बंद ठेवावा असा २००० सालापासून देशाचा नियम आहे, आणि परीक्षेला बसलेल्या पोरांच्या कानावर आपण काय काय ओतले ते आपल्याला ठाऊक आहे.

यंत्राची एक गंमत मात्र सांगण्याजोगी आहे. अमर बोस म्हणून एक मोठे विद्वान होऊन गेले. वडील बंगालमधले क्रांतिकारक, इंग्रजांच्या त्रासाने अमेरिकेत गेलेले. १९७८ साली विमानातून जाताना घरघरीमुळे त्यांना संगीत नीट ऐकू येईना, तेव्हा त्यांनी तिथेच कागद काढून गणिते मांडली. बाहेरच्या आवाजाची लाट जशी येईल तिच्या बरोबर उलटी लाट कानाशी उभी करायची. उंचवटा आणि खळगा एकमेकांत जिरून जातात. १९८९ मध्ये त्यांच्या कंपनीचे असे हेडफोन वैमानिकांसाठी विक्रीला आले. ही युक्ती पंख्याच्या, इंजिनाच्या एकसुरी घरघरीवर चांगली चालते. माणसाच्या बोलण्यावर तितकी चालत नाही. म्हणून मग वरून गाणे लावावे लागते. म्हणजे माणसाचा आवाज बंद करायचा तर आपल्याला मुद्दाम काही जास्तीचे करावे लागते!

कोणी म्हणेल, तुकोबाराय नाही का भंडाऱ्यावर, भामचंद्रावर जाऊन बसले? बसले. पण डोंगर हा डोंगर होता. तिथे कोणी अर्ज घेऊन येत नव्हते, आणि कीर्तनाला महाराज खाली गावातच येत. कचेरीची खुर्ची म्हणजे भंडारा नव्हे. ती खुर्ची मांडली आहे तीच कोणी यावे म्हणून.

गोरोबाकाकांची कथा आपण सगळेच सांगतो. चिखल तुडवता तुडवता नामात असे रंगले की रांगते मूल पायाखाली आले तरी कळले नाही. कीर्तनात आम्ही रंगण्यावर जोर देतो, लोक माना डोलावतात. त्या रात्री कोरीटच्या मंडपात ती कथा आमच्या मनात उलटी फिरली. संप्रदायाने त्या मुलाला कथेतून वगळले नाही. त्याच्या आईचा आकांतही वगळला नाही. देवाने मूल परत दिले हे खरे. पण म्हातारीची चुकलेली बस कोण परत आणणार?

मग वारी आठवली. माउलींच्या सोहळ्यात मुक्कामी समाज-आरतीला सगळ्या दिंड्या गोळा होतात, टाळांचा एकच कल्लोळ चाललेला असतो. चोपदार चोप वर करतो आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवीत राहते. चोपदार तिकडे जातो, गाऱ्हाणे ऐकतो, मगच पुढचे. ती शांतता कुणाला आराम पडावा म्हणून केलेली नाही. एकट्याची टाळ ऐकू यावी म्हणून केलेली आहे.

आणि पुंडलिकाचे काय? आईबापाचे पाय हातात, दाराशी साक्षात देव. त्याने हातातले काम सोडले नाही. पण 'ऐकलेच नाही' असेही केले नाही. वीट टाकली, म्हणाला, यावर उभा रहा, हे आटोपून येतो. हातचे काम न मोडता, आलेल्याला उभे राहायला जागा दिली. आपण दर आषाढीला ज्याला भेटायला जातो तो तिथेच, त्या विटेवर थांबलेला आहे.

तरुणाला आम्ही एवढेच म्हटले, "बाळा, कान झाक हवे तर. पण तुझ्या टेबलाशी वीट कुठं आहे?"

तो काही बोलला नाही. पेला उचलून विसळायला घेऊन गेला.

चैत्री एकादशीला त्याचा फोन आला. टेबल फिरवून त्याने तोंड दाराकडे केले आहे, समोर एक खुर्ची मांडली आहे आणि शिपायाला सांगून ठेवले आहे की आलेल्या माणसाला आधी तिथे बसव. हेडफोन दुपारी दोन तास, आकडे जुळवायच्या वेळी तेवढे लावतो. पहिल्याच आठवड्यात ती खुर्ची शेजाऱ्याने उचलून नेली होती; याने परत आणली. म्हातारीच्या अर्जावरचे काम त्याने त्याच रात्री बसून पुरे केले होते. अर्जावर पाड्याचे नाव आहे, फोनचा आकडा नाही. पत्र टाकले, उत्तर आले नाही. कागद खणात आहे. येत्या रविवारी धडगावच्या बसने तो स्वतःच जायचे म्हणतो आहे.