कौल देवाचा, निर्णय कोणाचा?

अडलेल्या प्रश्नावर ग्रामदेवतेला कौल लावण्याची रीत कोकणात आणि गोव्यात आजही चालू आहे. आलेले स्थळ पत्करावे का, जमीन विकावी का, मुंबईची नोकरी सोडून गावी यावे का, असे प्रश्न घेऊन माणसे देवळात जातात. गुरव मूर्तीवर ठरलेल्या जागी फुलांच्या पाकळ्या किंवा तांदूळ पाण्याने चिकटवतो, मोठ्याने गाऱ्हाणे घालतो, आणि मग सगळे गाभाऱ्याकडे डोळे लावून बसतात. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार, असा सर्वसाधारण संकेत. देवळागणिक तपशील बदलतो. गोव्यात यालाच प्रसाद घेणे म्हणतात. मालवण तालुक्यातील आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेला ठरावीक तिथी नाही. दरवर्षी देवीच्या कौलानेच दिवस ठरतो, आणि तो जाहीर झाला की चाकरमान्यांची तिकिटांसाठी धावपळ सुरू होते.

कौल मिळाला की निर्णय देवाने दिला असे म्हणतात. रीत जवळून पाहिली तर त्यात माणसाचा हात बराच दिसतो. कोणत्या देवापुढे जायचे हे तोच ठरवतो. ‘जमीन विकू का’ असे विचारायचे की ‘ठेवू का’ असे, हेही त्याच्याच हाती. डावा कौल आला की गाऱ्हाण्याचे शब्द फिरवून पुन्हा विचारणारेही असतातच, आणि उजव्या कौलानंतर तसे विचारावेसे कोणाला वाटत नाही. झाँ-पॉल सार्त्र या फ्रेंच तत्त्वज्ञाने 1945 साली पॅरिसमधील व्याख्यानात हाच मुद्दा एका विद्यार्थ्याच्या उदाहरणाने मांडला. जर्मनव्याप्त फ्रान्समधला हा तरुण एकट्या आईजवळ राहावे की इंग्लंडला जाऊन लढ्यात सामील व्हावे, या पेचात होता. सार्त्रचे म्हणणे असे, की सल्ल्यासाठी कोणत्या धर्मगुरूकडे जायचे हे ठरवले, की कोणता सल्ला मिळणार हेही साधारण ठरून जाते.

भगवद्गीतेची सगळी मांडणीच निर्णय कोणी घ्यायचा या प्रश्नाभोवती आहे. दुसऱ्या अध्यायात अर्जुन शिष्य म्हणून शरण येतो आणि आपले श्रेय काय ते निश्चित सांग, अशी विनवणी करतो. तिसऱ्या आणि पाचव्या अध्यायांच्या आरंभी तो पुन्हा तेच मागतो: दोन दोन गोष्टी नकोत, एक काय ते सांग. माणूस गोंधळला की नेमके असेच बोलतो. अठराव्या अध्यायात, 63 व्या श्लोकात कृष्ण सांगतो, की सगळे ज्ञान तुला दिले, आता त्याचा पुरता विचार कर आणि तुझ्या इच्छेला येईल तसे वाग. पुढे 66 व्या श्लोकात तोच कृष्ण सगळे धर्म सोडून मला एकट्याला शरण ये, म्हणतो. या दोन श्लोकांचा मेळ घालताना टीकाकारांची कसोटी लागली आहे. शरणागतीवर भर देणारे पुष्कळदा 63 व्या श्लोकाशी फारसे रेंगाळत नाहीत. क्रम मात्र ध्यानात घेण्याजोगा आहे. मोकळीक आधी दिली आहे, त्यामुळे शरण जायचे की नाही हेही अर्जुनानेच ठरवायचे उरते. 73 व्या श्लोकात तो संदेह फिटल्याचे सांगतो आणि मगच आज्ञा मानतो.

दुसऱ्या बाजूचा धोकाही जुन्या ग्रंथकारांना ठाऊक होता. मनुस्मृतीने वेद, स्मृती आणि सदाचार यांच्याबरोबर स्वतःच्या मनाचे समाधान हेही धर्माचे प्रमाण मानले, पण ते शेवटी ठेवले. कालिदासाच्या ‘शाकुंतला’त पहिल्याच अंकात दुष्यंत, संशयाच्या जागी सज्जनाच्या अंतःकरणाचा कल हाच प्रमाण, असा दाखला स्वतःला देतो, तोही आश्रमातल्या मुलीवर मन जडल्यावर! ही आपल्याला लग्नायोग्य असावी हा त्याचा अंदाज, ती विश्वामित्राची कन्या निघाल्याने, खरा ठरला. पाचव्या अंकात मात्र त्याच राजाचे तेच मन, शापामुळे का होईना, तिला ओळखत नाही आणि तो तिला सगळ्यांसमोर नाकारतो. आतला आवाज म्हणून जे ऐकू येते ते इच्छा, भीती किंवा नुसती सवयही असू शकते. म्हणून इतरांना विचारण्यात कमीपणा नाही. इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने 1784 च्या आपल्या निबंधात ज्यावर बोट ठेवले ते वेगळेच: आपल्याऐवजी समजून घ्यायला ग्रंथ आणि सदसद्विवेकासाठी धर्मगुरू नेमला, की माणसाला विचार करण्याचे कष्टच उरत नाहीत.

मग कौल कुठे लावावा? जत्रेच्या दिवसासाठी तो उत्तम. पुष्कळ दिवस सारखेच सोयीचे असतात, कोणीतरी एक ठरवायला हवा असतो, आणि देवीने ठरवला म्हणजे वाद मिटतो. लग्नाला हा हिशेब लागू नाही. तिथे दोन्ही पर्याय सारखे नसतात, आणि निवड चुकली तर ती आयुष्यभर एकीला निस्तरावी लागते. स्थळाबद्दल गाऱ्हाणे घालणारे बहुधा वडीलधारेच असतात. त्यांनी आधी मुलीला विचारावे. पाकळी त्यानंतर लावावी.