जनुकातले अक्षर आणि ललाटीचा लेख

सिकलसेल हा रक्ताचा आजार एका अक्षराच्या बदलातून होतो. अमरावती-अकोल्यापासून गडचिरोलीपर्यंत विदर्भातल्या आदिवासी, बौद्ध आणि इतर अनेक समाजांत तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. हाडे-सांधे पिळवटून टाकणाऱ्या कळा, वारंवारची कावीळ, अंगात रक्त न टिकणे, मुलांची खुंटलेली वाढ ही त्याची लक्षणे. दुखण्याचे कारण कळेनासे झाले की घरातला प्रश्न धर्माच्या दारात जातो: या लेकराने मागच्या जन्मी असे काय केले होते? त्याचे उत्तर शोधण्याआधी पेशीत काय घडते ते पाहायला हवे.

हिमोग्लोबिन हे प्रथिन अस्थिमज्जेत, लाल पेशी होऊ घातलेल्या पेशींमध्ये तयार होते. त्याच्या बीटा साखळीचा मजकूर अकराव्या गुणसूत्रावर असतो. डीएनएची ए, टी, जी, सी ही चार अक्षरे एवढीच त्याची लिपी. मूळ डीएनए पेशीकेंद्रातच राहतो. हव्या त्या भागाची आरएनएच्या रूपात नक्कल उतरते, तिच्यातले नको असलेले तुकडे कापले जातात आणि उरलेली, जोडलेली नक्कल बाहेर रायबोसोमकडे जाते. रायबोसोम ती तीन-तीन अक्षरांनी वाचतो. अशा तीन अक्षरी जुळण्या ६४ होतात. त्यांतल्या ६१ वीस अमिनो आम्लांपैकी कोणत्या ना कोणत्या आम्लाची खूण असतात, तर उरलेल्या तीन ‘इथे थांबा’ असे सांगतात. हा कोश उलगडणाऱ्यांत हरगोविंद खुराना होते; १९६८चे नोबेल त्यांना विभागून मिळाले. वाहक आरएनए खुणेबरहुकूम एकेक आम्ल आणतो, रायबोसोम ते आधीच्याला जोडत जातो आणि १४६ आम्लांची बीटा साखळी पुरी होते.

सिकलसेलमध्ये सहाव्या आम्लाची खूण जी-ए-जी ऐवजी जी-टी-जी अशी असते. त्यामुळे ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते. ग्लुटामिक आम्ल विद्युतभारित असते, पाण्यात रमते. व्हॅलिन पाण्यापासून अंग चोरते. हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की हे व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या खाचेत जाऊन बसते. रेणूला रेणू चिकटून ताठ धागे बनतात आणि गोल, लवचीक पेशी विळ्यासारखी वाकते. बारीक रक्तवाहिन्यांत ती अडकली की रुग्णाला कळा येतात. एरवी सुमारे १२० दिवस जगणारी लाल पेशी इथे दहा-वीस दिवसांतच फुटते. यात रायबोसोमचे काही चुकलेले नसते. समोर आलेला मजकूर तो इमानाने वाचतो. हा मजकूर कोणाचा, त्याने काय केले, हे विचारण्याची सोयच त्या यंत्रणेत नाही.

बाळाच्या पाचवी-सटीला कोरा कागद आणि लेखणी ठेवण्याची चाल महाराष्ट्रात अनेक घरांत आहे. सटवाई येऊन कपाळी नशीब लिहिते, ही त्यामागची श्रद्धा. कर्मसिद्धांत या लेखाला कारण देतो: पूर्वजन्मीचे संचित. मग जनुकातली चूक ही त्या संचिताचीच अक्षरे म्हणायची का?

बौद्ध परंपरेत या प्रश्नाला जुने उत्तर आहे. संयुत्त निकायात सीवक नावाचा परिव्राजक बुद्धांना विचारतो की, माणूस जे सुखदुःख भोगतो ते सगळे पूर्वकर्मामुळेच का. बुद्ध ते मान्य करत नाहीत. पित्त, कफ, वात, ऋतुबदल, इजा अशी कारणे ते सांगतात. कर्मविपाक हे त्यांतले केवळ एक कारण. बाबासाहेब आंबेडकर ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात याहून पुढे जातात. मूल आईबापांचे गुणविशेष घेऊन जन्मते हे विज्ञानाला मान्य असेल, तर आत्म्याबरोबर येणाऱ्या पूर्वकर्माच्या वारशाला जागा कुठे उरते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपूरला बाबासाहेबांची धम्मदीक्षा झाली. त्याच महिन्यात केंब्रिजच्या व्हर्नन इन्ग्रॅम यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला: सिकल हिमोग्लोबिनमधला फरक साखळीच्या एका छोट्या तुकड्यात आहे. पुढच्याच वर्षी ते एकच बदललेले आम्लही सापडले.

शिक्षेच्या कल्पनेला सर्वांत मोठा छेद मात्र मलेरिया देतो. बदललेले जनुक आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच आले तर माणूस वाहक, म्हणजे ‘एएस’ होतो. त्याला सहसा त्रास होत नाही, उलट घातक फाल्सिपॅरम मलेरियापासून पुष्कळ संरक्षण मिळते. म्हणून मलेरियाच्या मुलखात हे अक्षर टिकून राहिले. दोन्हीकडून आले तर मूल ‘एसएस’, म्हणजे पीडित. एकाला वाचवणारे आणि दुसऱ्याला छळणारे अक्षर एकच असेल, तर त्याला पापाचे फळ म्हणणे टिकत नाही. ते म्हणणे क्रूरही आहे, कारण त्यात वेदनेवर आरोपाचा भार चढतो.

याचा अर्थ सटवाईच्या जागी जनुकाला बसवावे असा नाही. जनुकही नशीब लिहीत नाही. दोन एसएस भावंडांतला एक वर्षातून अनेकदा दवाखान्यात जातो, तर दुसरा बराच काळ बरा राहतो. गर्भातले हिमोग्लोबिन वेगळ्या जनुकातून बनते आणि धाग्यांना अटकाव करते. म्हणूनच जन्मानंतरचे पहिले काही महिने बाळ निरोगी दिसते. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध पुष्कळ रुग्णांत तेच हिमोग्लोबिन पुन्हा वाढवते; जनुकातले अक्षर बदलत नाही, तरी कळा कमी होतात. चरकसंहितेच्या विमानस्थानात आयुष्य दैव आणि पुरुषकार या दोहोंवर सोपवले आहे. सगळेच ठरलेले असते तर औषधाला अर्थच उरला नसता, असा त्यामागचा विचार. सिकलसेलला तो चपखल लागू पडतो.

मजकूर वाचता येऊ लागला की जबाबदारीही येते. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणात मूल पीडित होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि दोन्ही नसण्याची २५ टक्के असते. मागच्या खेपेला काय झाले याचा पुढच्या खेपेवर परिणाम नसतो. विद्राव्यता चाचणी आणि इलेक्ट्रोफोरेसिस या रक्ताच्या तपासण्यांनी हे लग्नाआधी कळू शकते. तरीही वाहक मुलीचे स्थळ मोडले जाते आणि मुलाकडची तपासणी टाळली जाते, तेव्हा जुनाच कलंक नव्या भाषेत परततो. वारसा दोघांकडून येतो, म्हणून तपासणी दोघांचीही व्हायला हवी. निकाल कळल्यावर लग्न करायचे की नाही, गर्भाची चाचणी करायची की नाही, हे त्या दोघांनी ठरवायचे.