अनपेक्षित वाचक आणि लेखकाचा हेतू

मनुष्य पुष्कळदा केवळ स्वतःसाठी लिहितो. वाचनातील टिपणे, मनात उठलेले प्रश्न, एखाद्या रात्रीचा पश्चात्ताप तो वहीत नोंदवून ठेवतो. पुढे कधीतरी त्याला कळते की, ही पाने कोणी वाचली, कोणी उतरवून घेतली, कोणा अपरिचिताला त्यांतून धीर मिळाला. वाचकहो, अशा वेळी लिहिणाऱ्याच्या अंतःकरणात काय घडावयास हवे? हा प्रश्न वरवर लेखनाचा दिसतो. वस्तुतः तो हेतूचा, ज्याला आपण नीयत म्हणतो तिचा आहे.

हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) एका रात्री कुरआनपठण करीत होते. प्रेषित मुहम्मद (स.) ते ऐकत आहेत, याची त्यांना कल्पना नव्हती. पुढे प्रेषितांनी (स.) त्यांना हे सांगितले आणि हजरत दाऊद (अ.) यांच्या घराण्याला लाभलेल्या सुरांशी त्यांच्या स्वराची तुलना केली. हा प्रसंग सहीह मुस्लिममध्ये आहे. अन्य काही हदीस-संग्रहांत अबू मूसा (रजि.) यांचे उत्तरही आले आहे. आपण ऐकत आहात हे ठाऊक असते, तर मी अधिक सुंदर पठण केले असते, असे ते म्हणाले. या उत्तरात दिखावा नाही. श्रोता नसतानाही त्यांचे पठण चालूच होते. श्रोता कळल्यावर त्यात भर पडली असती ती केवळ आस्थेची. हाच फरक आपण ध्यानात घ्यावा. वाचकासाठी लेखन अधिक नीटनेटके करणे वेगळे आणि वाचक आहे म्हणूनच लिहिणे वेगळे.

बगदादचे इब्न अल-जौझी (रह.) (मृत्यू हि. ५९७, इ. स. १२०१) यांच्या ‘सैदुल खातिर’ या ग्रंथाच्या नावाचा अर्थ आहे, मनात येणाऱ्या विचारांची शिकार. विचार येतो आणि टिपून न ठेवल्यास निसटतो, म्हणून त्यांनी तो लिहून ठेवला. त्या टिपणांत ते स्वतःच्याच मनाची झाडाझडती घेतात. आठशेहून अधिक वर्षांनंतर आजचा वाचक त्यांत आपलेही मन ओळखतो. लेखक वाचकाला उपदेश करू लागला की कधी कधी दोघांत अंतर पडते. तो स्वतःचा प्रामाणिक हिशेब मांडू लागला की ते अंतर मिटते.

परंतु धोकाही येथेच आहे. इमाम गझाली (रह.) १०९१ साली बगदादच्या निजामिया मदरशात अध्यापक झाले. तेथे त्यांच्यापुढे तीनशे विद्यार्थी बसत. तरीही स्वतःचा हेतू तपासल्यावर त्यांना दिसले की, आपल्या अध्यापनामागे कीर्तीची ओढ आहे. १०९५ साली ते पद सोडून ते निघून गेले. मात्र ते कायमचे मौनात राहिले नाहीत. ११०६ साली त्यांनी निशापूरला पुन्हा शिकवण्यास आरंभ केला. पूर्वी आपण मानमरातब मिळवून देणारे ज्ञान शिकवीत होतो, आता मानमरातबाचा त्याग शिकवणाऱ्या ज्ञानाकडे बोलावीत आहोत, असा आशय त्यांनी स्वतः नोंदवला आहे. काम तेच राहिले, उद्देश बदलला.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. दिखाव्याच्या भयाने लेखणी खाली ठेवणे हा उपाय नव्हे. लोकांकडे पाहून सत्कृत्य सोडून देणे हाही दिखाव्याचाच प्रकार होय, असे फुजैल बिन इयाज (रह.) यांचे मत होते. लोकांनी केलेली स्तुतीही स्वतःहून दोषास्पद नाही. निव्वळ सद्हेतूने केलेल्या कृत्याची लोक प्रशंसा करतात, तेव्हा ती श्रद्धावंताला लवकर मिळालेली शुभवार्ता होय, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. मात्र विद्वान म्हणवून घेण्यासाठीच ज्ञान मिळवणाऱ्याचा परिणाम किती भयंकर, हेही सहीह मुस्लिममध्येच वाचावयास मिळते.

मग वाचक लाभल्यावर बदलावे काय? बदलावी ती जबाबदारीची जाणीव. स्वतःच्या वहीत ऐकीव गोष्ट चालून जाते. दुसऱ्याच्या हाती जाणारी गोष्ट पारखून घ्यावी लागते. वहीत कोणाचा दोष लिहिला असेल, तर तो वाचकापुढे येताच निंदा ठरतो. आणि ज्या पापावर अल्लाहने पडदा टाकला, ते स्वतःच उघड करीत फिरण्यास प्रेषितांनी (स.) कठोरपणे मनाई केली आहे. प्रामाणिक लेखन म्हणजे प्रत्येक गुपित चव्हाट्यावर मांडणे नव्हे. पश्चात्तापातून मिळालेला बोध सांगावा, पाप झाकलेलेच राहू द्यावे.

माणसे जे पुढे पाठवतात आणि मागे ज्या खुणा सोडतात, त्या दोन्ही नोंदल्या जातात, असे दिव्य कुरआन सांगतो (३६:१२). आपले लेखन ही अशीच एक खूण आहे. आपण गेल्यानंतर ते कोणाच्या हाती पडेल, हे आपल्याला ठाऊक नसते. म्हणून, वाचकहो, एकांतात लिहितानाही असे लिहावे की, अपरिचित वाचकाचे त्याने नुकसान होणार नाही. आणि हजारोंनी वाचले, तरी हे ध्यानी असावे की, ज्याच्यापुढे हिशेब द्यावयाचा आहे, त्याने ते पहिल्या अक्षरापासून पाहिले आहे. अल्लाह आपणा सर्वांचे हेतू निर्मळ करो. आमीन.