आई तीस लिटरची होती!

पश्चिम महाराष्ट्रातले कितीतरी दूधवाले चांगली एचएफ (होल्स्टिन फ्रिझियन) गाय घ्यायला कर्नाटकातल्या बंगळुरू-चिंतामणीची वाट धरतात. दलाल कासेवर थाप मारून सांगतो, "हिची आई तीस लिटरची होती!" एवढ्यावर सौदा जमतो, सोसायटीचं कर्ज निघतं. घरी आल्यावर दूध अर्ध्यावर येतं. मग कुणी दलालाला शिव्या घालतो, कुणी गायीची दृष्ट काढतो. खाण तशी माती हे मात्र आपण कधी तपासत नाही.

ते तपासायच्या विद्येचं एक घर त्याच बंगळुरूत आहे. १९२३ साली तिथल्या अडुगोडीत पशुसंवर्धन आणि दुग्धव्यवसायाची सरकारी संस्था निघाली. १९२७ मध्ये आजारातून उठत असलेले गांधीजी तिथे गेले. गाय वाचवायची असेल तर गोठा शास्त्राने चालवा, असं ते सांगत. १९५५ मध्ये मुख्यालय कर्नालला गेलं, बंगळुरूचं केंद्र आजही आहे. गोरक्षणाच्या घोषणा देणाऱ्यांपैकी किती जणांना हा इतिहास ठाऊक आहे, देव जाणे.

खाण तशी माती हे तपासताना शास्त्रज्ञ विचारतात ते असं : कळपातल्या गायींच्या दुधात जो फरक दिसतो, त्यातला किती रक्ताचा आणि किती चारा-पाण्याचा? एकाच वळूच्या मुली वेगवेगळ्या गोठ्यांत विखुरलेल्या असल्या की हे ताडता येतं. सावत्र बहिणी परक्या गायींपेक्षा एकमेकींशी जितक्या जास्त जुळतात, तितका रक्ताचा वाटा मोठा. याला आनुवंशिकता म्हणतात. आयोवातल्या जे. एल. लश यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात हा हिशेब पशुपैदाशीत रुजवला. दुधाच्या बाबतीत तो साधारण पाव ते तिसरा हिस्सा भरतो. फॅटच्या टक्क्याला याहून बराच जास्त, गाभ राहण्याच्या गुणाला दहाव्या हिश्शाहूनही कमी.

आता दलालाचं बोलणं याच हिशेबाला लावून पाहा. आई कळपाच्या सरासरीपेक्षा एका वेतात हजार लिटर जास्त देणारी होती असं धरू. पाव हिश्शाने तिच्या रक्ताचं श्रेय अडीचशे लिटर. त्यातलं निम्मं लेकीला, म्हणजे सव्वाशे. ३०५ दिवसांच्या वेतात रोजचा अर्धा लिटरही होत नाही! आणि आपण पैसे मोजतो ते आईच्या तीस लिटरचे. बाकीचं बरंचसं आलं होतं तिथल्या मुरघासातून, सरकीतून, थंड हवेतून आणि पहाटे उठून शेण काढणाऱ्या बाईच्या हातातून. त्या बाईचं नाव डेअरीच्या पावतीवर क्वचितच असतं.

एकाच गोठ्यात आई आणि लेक दोघींना पेंड पोटभर मिळाली की त्या सारख्या दिसतात, आणि आपण म्हणतो, रक्तच तसं! गायीच्या बाबतीत ही चूक खिशाला भारी पडते. माणसांच्या बाबतीत आपण ती पिढ्यान्‌पिढ्या अभिमानाने करतो. ज्यांच्या घरी शाळा, दूध आणि जमीन आधीपासून होती, त्यांनी त्याला कुळाचा गुण म्हटलं आणि दारात उभ्या राहणाऱ्याला अवगुणाचा शिक्का मारला. गायींसाठी निदान सावत्र बहिणी शंभर गोठ्यांत विखुरून पाहायची तसदी कुणीतरी घेतली. जातीचा डौल मिरवणाऱ्यांनी असला पडताळा कधी घेतला?

वळूची निवड मात्र महत्त्वाचीच आहे, कारण एका वळूच्या वीर्याच्या कांड्या हजारो गोठ्यांत जातात. त्याची पारख होते ती त्याच्या मुलींच्या दुधावरून, आणि ते दूध नोंदवलं जातं आपल्याच गोठ्यांत. कमी देणारी कालवड लपवली, किंवा नोंदवणारा येणार म्हणून त्या दिवशी पेंड वाढवली, तर त्या आकड्यावर विसंबून कांडी भरणाऱ्या परगावच्या गरिबाला आपणच फसवतो. हे दलालाच्या थापेपेक्षा कमी पाप नाही.

तेव्हा पुढच्या वेळी चिंतामणीला गेलात, तर आईचे लिटर विचारण्याआधी कानातला बिल्ला बघा, बापाच्या कांडीचा नंबर मागा, आणि इथे हिला रोज काय खायला घालत होता ते दलालाला नव्हे, तिला सांभाळणाऱ्या घरातल्या बाईला विचारा.