जिथे दुसरे दुकान नसते

३० एप्रिल १९६१ रोजी अमेरिकेतल्या ईस्टर्न एअरलाइन्सने न्यूयॉर्क, बॉस्टन आणि वॉशिंग्टन या शहरांदरम्यान ‘शटल’ विमानसेवा सुरू केली. आरक्षण नको, आधी काढलेले तिकीट नको. यायचे, रांगेत उभे राहायचे, विमानात बसायचे. जागा भरल्या तर कंपनी दुसरे विमान आणून उभे करायची. विमान वर गेले की हवाई सेविका छोटा गाडा ढकलत यायच्या आणि आपल्या एस.टी.चा कंडक्टर घेतो तसे जागेवर भाडे घ्यायच्या. कुणी नोटा द्यायचे, कुणी धनादेश, कुणी कार्ड. पुढे १९८१ मध्ये न्यूअर्कहून पीपल एक्स्प्रेस ही स्वस्त भाड्याची कंपनी उडू लागली. तीही भाडे विमानातच घ्यायची. खिशात नोटा असल्या की त्या काळी अख्खा विमानप्रवास विकत घेता येत होता.

२००९ साली अमेरिकन, युनायटेड आणि डेल्टा या मोठ्या कंपन्यांनी आपल्या देशांतर्गत विमानांत रोख घेणे बंद केले. खाणे, पेय, हेडफोन, जे काही घ्यायचे ते फक्त कार्डावर. ब्रिटिश एअरवेजने २०१७ मध्ये जवळच्या पल्ल्याच्या विमानांत फुकट खाणे थांबवून ते विकायला सुरुवात केली, तेव्हा रोख पैसे पहिल्या दिवसापासूनच बाहेर ठेवले. ज्या नोटेवर आधीच्या पिढीने प्रवास केला, त्या नोटेवर आता सँडविच मिळत नाही. हा बदल छोटा दिसतो, पण त्यातून उभा राहणारा प्रश्न विमानापुरता नाही.

बदलाची कारणे खरी आहेत आणि ती आधी मान्य केली पाहिजेत. २००१ नंतर अमेरिकी कंपन्यांनी जेवण देणे हळूहळू बंद केले. २००८ मध्ये खनिज तेलाचे भाव कडाडले आणि तिकिटात जे जे सामावलेले होते ते सुटे करून विकायला सुरुवात झाली. त्या वर्षी अमेरिकन एअरलाइन्सने पहिल्या बॅगेसाठीही १५ डॉलर घ्यायला सुरुवात केली. जेवण वाढण्याची ट्रॉली आता फिरते दुकान झाली आणि प्रवाशांची सुरक्षा ज्यांचे पहिले काम, त्या सेवकवर्गावर गल्ला सांभाळायची जबाबदारी आली. अरुंद वाटेत उभे राहून सुटे शोधायचे, मागच्या प्रवाशांना थांबवायचे, उतरल्यावर हिशेब जुळवायचा आणि रक्कम कमी भरली तर संशय झेलायचा. हे ओझे उतरले तर त्यांना हायसे वाटणारच. त्यांच्या सोयीला मी कमी लेखत नाही.

तरीही मला हा निर्णय अपुरा वाटतो, आणि त्यामागे एक प्रसंग आहे. काही वर्षांपूर्वी माझी आई पहिल्यांदा अमेरिकेला माझ्या भावाकडे गेली. तिकीट भावाने काढले होते. निघताना आईने पुण्यातून डॉलर घेतले आणि कापडी बटव्यात ठेवले. खाण्याचे पदार्थ विमानतळावर अडवतात असे कुणीतरी सांगितल्यामुळे तिने डबा घेतला नव्हता. मुंबईहून न्यूअर्क, तिथून सान फ्रान्सिस्को. दुसरे विमान जवळजवळ सहा तासांचे. तिला मधुमेह आहे. ट्रॉली आली तेव्हा तिने बोटाने एक डबा दाखवला आणि वीस डॉलरची नोट पुढे केली. फक्त कार्ड, असे तिला हसून, सौजन्याने सांगण्यात आले. शेजारच्या तरुणाने स्वतःचे कार्ड पुढे केले आणि आईने आग्रहाने दिलेली नोट ठेवून घेतली. उपाशी राहायची वेळ आली नाही. पण घरी पोहोचल्यावर ती भावाला म्हणाली, “जवळ पैसे असून मी आज मागून खाल्लं रे.”

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. शेजाऱ्याने जी नोट बिनदिक्कत घेतली ती कंपनीला चालली नाही. दोन माणसांमध्ये त्या नोटेची पत शाबूत होती, फक्त दुकानदाराने ती नाकारली होती.

आपल्याकडच्या किराणा दुकानांत ‘आज रोख, उद्या उधार’ अशी पाटी असायची. रोख देणाऱ्याला तिथे मान होता, कारण त्याच्याशी व्यवहार तिथल्या तिथे मिटायचा. विमानात नेमके उलटे झाले आहे. जमिनीवरच्या दुकानात कार्ड लावले की यंत्र बँकेला विचारते आणि होकार आल्यावर पावती निघते. दहा किलोमीटर उंचीवर हे विचारणे अनेकदा शक्य नसते. यंत्र कार्डाचा तपशील टिपून ठेवते आणि विमान उतरल्यावर तो बँकेकडे पाठवते. मधल्या काळात कंपनीच्या हाती फक्त वचन असते आणि त्यातली काही वचने नंतर बुडतात. हातातला पैसा नाकारून कंपनी वचन स्वीकारते, कारण वचन देणाऱ्याच्या मागे एक संस्था उभी आहे. तिने त्या माणसाला तपासून, जोखून कार्ड दिलेले असते. नोट मात्र आपल्या मालकाबद्दल काहीच सांगत नाही. ती कुणाचीही असू शकते, आणि चलन म्हणून तिचे मोठेपण यातच आहे. नोट परत करताना खरे तर हा अनोळखी माणूस परत पाठवला जातो.

‘विमानाने जाणाऱ्याकडे कार्ड असतेच,’ असे यावर म्हटले जाते. बहुतेकांकडे असते. पण अमेरिकेच्या संघीय ठेव विमा महामंडळाच्या २०२३ च्या पाहणीनुसार तिथल्या ४.२ टक्के कुटुंबांचे, म्हणजे सुमारे ५६ लाख घरांचे, बँकेत खातेच नाही. कृष्णवर्णीय कुटुंबांत हे प्रमाण १०.६ टक्के, तर गोऱ्या कुटुंबांत १.९ टक्के आहे. त्यातले बरेच जण विमानात क्वचित बसत असतील. पण तिकीट काढणारा आणि प्रवास करणारा नेहमी एकच नसतो. एकटी पाठवलेली मुले असतात, मुलांनी बोलावलेले आईवडील असतात, मोठ्या आजारासाठी नातेवाइकांनी पैसे जमवून पाठवलेला रुग्ण असतो. नाशिक-साताऱ्याहून मुलीच्या बाळंतपणासाठी डॅलसला किंवा सिएटलला निघालेल्या कितीतरी आजी अशाच प्रवाशांत मोडतात. त्यांच्या हातात असतात ते पैसेच, आणि बहुधा जपून मोजलेले.

संख्या थोडी आहे म्हणून प्रश्न थोडा होत नाही, कारण विमान ही जागाच वेगळी आहे. गल्लीतल्या चहावाल्याने ‘फक्त ऑनलाइन’ अशी पाटी लावली तर मी कुरकुरत पुढच्या टपरीवर जाईन. त्याच्या नकाराला माझ्या पायांचे उत्तर आहे. विमानाचे दार मात्र कंपनी बंद करते आणि ते तीच उघडते. सुरक्षा तपासणीत पाण्याची भरलेली बाटलीही काढून घेतलेली असते. आत एकच दुकान, एकच भाव आणि आता पैसे देण्याची एकच रीत. माझे म्हणणे एवढेच आहे की, ग्राहकाला दुसरीकडे जाण्याची वाट जितकी कमी, तितकी चलन स्वीकारण्याची जबाबदारी विक्रेत्यावर अधिक. चहावाल्याला जी मुभा आहे ती बंद दाराच्या मालकाला नसावी.

कायदा मात्र याच्या उलट झुकतो. सर्व सार्वजनिक आणि खासगी देण्यांसाठी ही नोट वैध आहे, असे डॉलरच्या नोटेवर छापलेले असते. पण देणे आधी निर्माण व्हावे लागते. विक्रीपूर्वीच दुकानदाराने ‘रोख नको’ म्हटले तर देणे उभेच राहत नाही. खासगी व्यावसायिकाने रोख घेतलीच पाहिजे असा संघीय कायदा अमेरिकेत नाही. मॅसॅच्युसेट्स राज्याने १९७८ मध्ये किरकोळ दुकानांवर तसे बंधन घातले. फिलाडेल्फिया, सान फ्रान्सिस्को आणि न्यू जर्सी यांनी २०१९ मध्ये. पण हे कायदे विमानाच्या दारापाशी थांबतात. हेडफोनसाठी रोख नाकारली म्हणून एका प्रवाशाने कॉन्टिनेन्टल एअरलाइन्सवर न्यू जर्सीत दावा लावला होता. २०१३ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने तो फेटाळला. विमानकंपन्यांचे भाडे आणि सेवा यांत राज्यांनी हात घालू नये, असे १९७८ चा संघीय कायदा सांगतो, हे त्यामागचे कारण.

मुक्त स्पर्धाच प्रवाशाचे रक्षण करील, या विश्वासावर तो १९७८ चा कायदा उभा आहे. तिकिटांच्या बाबतीत त्या विश्वासाला आधार आहे, कारण तिकीट घेताना दहा कंपन्या समोर असतात. विमान उडाल्यानंतर स्पर्धा उरत नाही. जिथे बाजार अस्तित्वातच नाही तिथे बाजाराच्या भरवशावर माणसाला सोडून देणे हा त्या कायद्याच्या मूळ तर्काचाही विपर्यास आहे.

यावर उपाय अवघड नाहीत. लंडनच्या बसगाड्यांनी ६ जुलै २०१४ पासून रोख घेणे थांबवले. पण रोख रक्कम भरून ऑयस्टर हे प्रवासाचे कार्ड घेण्याची सोय शहरभरच्या छोट्या दुकानांत ठेवली आणि कार्डात पुरेसे पैसे नसतील तरी आणखी एक प्रवास करण्याची मुभा दिली. वाहनातली रोख गेली, तरी रोख पैशाची वाट खुली राहिली. रोख घेण्याची सक्ती करताना न्यूयॉर्क शहराच्या कायद्याने दुकानदारांना एक सूट दिली: शुल्क न घेता नोटांचे कार्ड करून देणारे यंत्र ठेवले तर चालेल. विमानकंपन्यांना हेच करता येईल. विमानात चढण्याच्या दारापाशी बसलेल्या कर्मचाऱ्याने नोट घेऊन तेवढ्या रकमेची चिठ्ठी द्यावी आणि ट्रॉलीवर ती चालावी. सेवकवर्गाला सुटे मोजावे लागणार नाहीत आणि बटवा घेऊन आलेली बाई रिकाम्या हाताने बसणार नाही. तेवढेही करायचे नसेल, तर पाणी आणि पोटाला आधार होईल असे काहीतरी मोफत द्यावे.

भारतात हा प्रश्न आपल्याही दाराशी येणार आहे. यूपीआयला नेटवर्क लागते, आणि उडत्या विमानात ते बहुधा मिळत नाही. नेटवर्क नसलेल्या ठिकाणांसाठी रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२२ मध्ये ऑफलाइन व्यवहारांची चौकट आखली, तेव्हा एका व्यवहाराची मर्यादा २०० रुपये होती. ती पुढे वाढवली गेली. तंत्र सुधारत जाईल आणि एक दिवस आकाशातही चुटकीसरशी पैसे जातील. त्या दिवशी रोख बंद करण्याचा मोह आपल्याकडेही होईल. तंत्र चालते का, एवढेच त्या वेळी विचारून भागणार नाही. ज्याच्याकडे ते नाही त्याने बंद दाराआड काय करायचे, याचे उत्तर निर्णय घेणाऱ्याने आधी दिले पाहिजे.

सुट्या पैशांची अडचण चालत्या वाहनात नवी नाही. एस.टी.चा कंडक्टर सुटे नसले की तिकिटाच्या मागे उरलेली रक्कम लिहून द्यायचा. त्यावरून वाद झाले, काहींचे पैसे राहूनही गेले. पण त्या आकड्यात एक कबुली होती: तू पैसे दिलेस, सुटे माझ्याकडे नाहीत, म्हणून देणे माझे. अडचण विकणाऱ्याची असेल तर तिचा भार त्याने उचलावा, हा साधा न्याय त्या पेन्सिलच्या आकड्यात होता. माझ्या आईला त्या विमानात तेवढाच हवा होता.