घरी आणल्यावर

बाबांना घरी आणलंय. डिस्चार्ज कार्ड टेबलावर आहे, शेजारी औषधांची पिशवी. पाच मिनिटं काहीच हातात घेऊ नका. बसा, पाठ टेकवा आणि स्वतःचा श्वास कसा चाललाय ते बघा. इतके दिवस सगळ्यांचं लक्ष त्यांच्याच श्वासाकडे होतं.

हॉस्पिटलमधले दिवस आठवा. डोक्याशी मॉनिटर, दर थोड्या वेळानं बीपी घेणाऱ्या सिस्टर, लघवीसुद्धा मोजून लिहिली जायची. माणूस सतत कुणाच्या तरी नजरेखाली होता. ती नजर तिथंच राहिली आणि आपण घरी आलो. पोटात गोळा येतो तो बहुतेक यामुळेच. तो दाबू नका. भीती वाटतेय, एवढं मनाशी कबूल करा.

आता त्यांच्या हृदयाचा विचार करू, सावकाश. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे. ते चालू आहे, पण त्याचा जोर पुरत नाही. मूत्रपिंडांपर्यंत रक्त कमी पोचतं. शरीरात पाणीच कमी पडलंय असं समजून ती मीठ आणि पाणी धरून ठेवतात. तेच पाणी पायांत उतरतं, पोटात साठतं, फुप्फुसांत भरतं. पण हे एका रात्रीत क्वचितच होतं. दम लागण्याआधी पुष्कळदा काही दिवस वजन चढत असतं. मला यात फार मोठा दिलासा वाटतो. शरीर आधी सांगतं, ऐकायला कुणीतरी हवं.

उद्याची सकाळ डोळ्यांपुढे आणा. बाबा उठलेत, लघवीला जाऊन आलेत, चहा व्हायचाय. वजनकाटा सपाट फरशीवर ठेवलाय, अंगावर रोजच्यासारखेच कपडे. ते काट्यावर चढताना तुमचा हात त्यांच्या कोपराजवळ असू द्या, पण धरू नका. आधार दिला की आकडा खोटा येतो. आकडा वहीत लिहा. तीन दिवसांत 2 किलोंहून जास्त वाढ दिसली, तर ती जेवणाची नाही, पाण्याची समजा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

मग त्यांच्या पायाशी बसा. घोट्याच्या जरा वर, नडगीवर अंगठा हलका दाबून ठेवा. मनात दहापर्यंत मोजा. सोडा. खळगा राहिला का? किती वेळ? कालच्यापेक्षा सूज वर चढलीय का? आपल्यापैकी कितीतरी जणांचा हात वडिलांच्या पायांना दिवाळी-पाडव्यालाच लागतो. आता रोज लागणार आहे. घाई करू नका.

रात्री उशा मोजा. कालपर्यंत एक पुरत होती, आज तिसरी मागितली, किंवा आडवं झाल्यावर खोकला येतो म्हणून खुर्चीतच बसून राहिले, तर तेही वहीत यायला हवं. विचारावं लागेल, कारण आपली वडीलधारी माणसं ‘बरंय रे’ म्हणून मोकळी होतात. आणि बसल्याजागी धाप लागली, छातीत दुखलं, शुद्ध हरपली, तर वही बाजूला ठेवून सरळ 108.

स्वयंपाकघराकडे वळा. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल, तर दिवसाचं मीठ सगळं धरून साधारण 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर. पापड, लोणचं, फरसाण, ब्रेडमधलंही यातच आलं. सैंधव हेही मीठच. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असतं आणि हृदयाच्या काही औषधांसोबत ते रक्तात धोकादायक वाढू शकतं. न विचारता आणू नका. मला खुपतं ते वेगळं ताट. सगळे आमटी भुरकताहेत आणि एकट्या बाबांपुढे अळणी वाटी. क्षणभर त्या पाटावर स्वतः बसून बघा. सगळ्या घराचीच आमटी कमी मिठाची करा, कोकम, लसूण, जिऱ्याचा हात जरा सैल सोडा. ज्याला हवं त्यानं वरून घ्यावं.

लघवीची गोळी ते लग्नाला जाताना, एसटीत बसताना चुकवतील. रागावण्याआधी त्यामागची लाज ओळखा. वेळ पुढेमागे करता येईल का, हे डॉक्टरांना विचारता येतं. गुडघा दुखला म्हणून मेडिकलमधून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक मात्र आणू नका. या गोळ्या शरीरात पाणी अडवतात.

आठवड्या-दोन आठवड्यांनी दाखवायला बोलावलंय, ती तारीख चुकवू नका. औषधांचे डोस तिथून पुढे हळूहळू वाढवायचे असतात. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या स्ट्राँग-एचएफ या अभ्यासात, घरी गेल्यावर वरचेवर तपासून डोस लवकर वाढवलेल्या गटात सहा महिन्यांत मृत्यू किंवा पुन्हा भरती होण्याचं प्रमाण शंभरात 15 होतं. नेहमीच्या पद्धतीत 23. तारखेला ‘आता बरं वाटतंय, कशाला जायचं’ असं ते म्हणतील तेव्हा हे आकडे त्यांना सांगा.

शेवटी त्यांच्या जागी उभे राहा. कालपर्यंत घर चालवणारा माणूस; आज त्याचं पाणी मोजलं जातंय, ताट तपासलं जातंय. आपली काळजी त्यांना पहाऱ्यासारखी वाटत असेल का? ती वही तुमच्या हातातून त्यांच्याकडे द्या. चष्मा शोधतील, पेन चालत नाही म्हणतील. वजन त्यांनाच लिहू द्या.