भिंतीवरचा शेजाऱ्याचा हक्क



नमाज पढताना काही चूक झाली तर आपण अस्वस्थ होतो. रोजा मकरूह तर झाला नाही ना, हे आलिमांना विचारतो. जकातीचा हिशेब चुकू नये म्हणून वहीत आकडे मांडतो. परंतु गळके छप्पर कोणी दुरुस्त करावे, थकलेले भाडे कसे मागावे, रिकामी खोली कोणाला द्यावी आणि कोणाला नाकारावी, हे प्रश्न घेऊन क्वचितच कोणी आलिमांकडे जातो. हा दुनियेचा व्यवहार आहे, दीनशी त्याचा काय संबंध, असा आपला समज झाला आहे. हा समज चुकीचा आहे. मुंबईत डोंगरी, भेंडीबाजार, नागपाडा, मदनपुरा या जुन्या वस्त्यांत आपली असंख्य कुटुंबे राहतात. त्यांतील काही घरमालक आहेत, बहुतेक भाडेकरू आहेत आणि मशिदीत दोघेही एकाच सफमध्ये खांद्याला खांदा लावून उभे राहतात. सलाम फेरल्यानंतर जिन्यावर भेटताना त्यांचे परस्परांशी वर्तन कसे असते, याचाही हिशेब आखिरतमध्ये द्यावयाचा आहे.

इस्लाममध्ये खासगी मालकी मान्य आहे. परंतु ती अंतिम मालकी नव्हे. जमीन अल्लाहची आहे आणि मनुष्य तिचा अमानतदार आहे. ज्याच्याकडे शहराच्या मध्यभागी इमारत आहे, त्याच्याकडे केवळ दगड, विटा आणि भाड्याचे उत्पन्न नाही. तेथील मुलांची शाळा, वृद्धांची मशीद, शिंप्याचे गिऱ्हाईक आणि विधवेचा आसरा हे सारे त्या इमारतीला जोडलेले असते. संपत्ती केवळ धनवानांमध्येच फिरत राहू नये, हे तत्त्व दिव्य कुरआनने स्पष्ट केले आहे (सूरह अल-हश्र, आयत 7). कारूनला आपले धन ही केवळ आपल्या ज्ञानाची कमाई वाटली. अखेर तो आणि त्याचे घर दोन्ही जमिनीत गाडले गेले (सूरह अल-कसस, आयती 76 ते 82). त्याच्या विनाशात त्याच्या घराचाही वेगळा उल्लेख आहे, याचा घरमालकांनी विशेष विचार करावा.

या संदर्भात सहीह बुखारीतील एक प्रसंग मनन करण्यासारखा आहे. प्रेषितांनी (स.) गुलामीतून मुक्त केलेले हजरत अबू राफे (रजि.) यांच्या मालकीच्या दोन खोल्या हजरत साद बिन अबी वक्कास (रजि.) यांच्या आवारात होत्या. अबू राफे यांना त्या विकावयाच्या होत्या. साद यांनी चार हजार दिरहमपेक्षा अधिक देणार नाही आणि तेही हप्त्यांनी देईन, असे सांगितले. दुसरीकडून अबू राफे यांना पाचशे दीनार मिळत होते. त्या काळच्या दराने ही रक्कम पाच हजार दिरहमच्या आसपास होती. तरीही त्यांनी त्या खोल्या साद यांनाच दिल्या. शेजाऱ्याचा हक्क त्याच्या जवळीकीमुळे अधिक असतो, हे प्रेषितांकडून ऐकले नसते तर आपण असे केले नसते, असे कारण त्यांनी सांगितले.

हजरत अबू राफे धनाढ्य नव्हते. त्यांनाही पैशांची गरज होती. मोठी रक्कम समोर असताना त्यांनी कमी किंमत, तीही हप्त्यांनी, स्वीकारली. आज शहरातील प्रत्येक चौरस फुटाचा भाव आपल्याला तोंडपाठ आहे. परंतु या भावातून शेजाऱ्याचा हक्क म्हणून आपण किती वजा करतो?

सूरह अन-निसाच्या 36 व्या आयतीत आईवडील, नातलग, अनाथ व गरजू यांच्यासोबत जवळच्या आणि दूरच्या अशा दोन्ही शेजाऱ्यांशी सद्वर्तन करण्याची आज्ञा आहे. एकाच इमारतीत राहणारा भाडेकरू हा तर शेजाऱ्यांतही सर्वांत जवळचा. हजरत जिब्रील (अ.) शेजाऱ्याविषयी इतक्या वेळा ताकीद देत राहिले की, शेजाऱ्याला वारसाहक्कातही वाटा मिळेल की काय असे प्रेषितांना वाटू लागले. शेजाऱ्याला आपल्या भिंतीत लाकूड ठोकण्यास मनाई करू नये, असेही प्रेषितांनी बजावले आहे. ही हदीस सांगताना समोरचे लोक नाखूश दिसले, तेव्हा हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी त्यांना स्पष्ट शब्दांत सुनावले. भिंत मालकाची असली तरी शेजाऱ्याच्या गरजेपुरता तिच्यावर त्याचाही हक्क आहे, ही शिकवण त्या काळीही मनाला जड जात होती. आजही जाते.

हिजरतनंतर मदीनेत प्रेषितांनी (स.) हजरत अबू अय्यूब अन्सारी (रजि.) यांच्या घरी काही महिने मुक्काम केला. भेटीस येणाऱ्यांच्या सोयीसाठी प्रेषित खालच्या मजल्यावर राहिले आणि घरमालक वर. एका रात्री वरच्या मजल्यावर पाण्याचा घडा फुटला. पाणी खाली झिरपून प्रेषितांना त्रास होऊ नये म्हणून अबू अय्यूब आणि त्यांच्या पत्नीने पांघरण्याची एकमेव चादर जमिनीवर टाकून पाणी टिपले आणि रात्र तशीच काढली. आपण म्हणू, खाली प्रेषित होते म्हणून त्यांनी असे केले. खरे आहे. परंतु त्याच प्रेषितांनी पुढे सांगितले की, ज्याच्या उपद्रवापासून शेजारी सुरक्षित नाही तो खरा ईमानवंत नव्हे. आज खाली राहणारा एखादा गरीब मजूर असेल. छतातून पाणी टपकून त्याच्या मुलांची अंथरुणे भिजत असतील, तर आपली चादर कोठे आहे?

हा प्रश्न काल्पनिक नाही. 31 ऑगस्ट 2017 रोजी भेंडीबाजार परिसरातील पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली आणि 33 जणांनी प्राण गमावले. त्या दुर्घटनेत दोष कोणाचा, हे ठरविणे आपले काम नव्हे. परंतु दर पावसाळ्यात टेकू लावलेल्या इमारतींखाली आपली माणसे जीव मुठीत धरून झोपतात, हे सत्य आहे.

येथे न्यायाने दोन्ही बाजू पाहिल्या पाहिजेत. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या घरांचे भाडे 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधून टाकले. एवढ्या भाड्यात डागडुजीचा खर्चही निघत नाही, ही मालकाची तक्रार निराधार नाही. 31 मार्च 2000 पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने वर्षाला 4 टक्के वाढीची मुभा दिली. त्याच कायद्यानुसार घर दुरुस्त ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे, भाड्याची पावती देणे बंधनकारक आहे आणि पाणी-वीज अकारण तोडता येत नाही. शरीअतची भूमिकाही यापासून दूर नाही. इजारा म्हणजे वस्तूच्या उपयोगाचा मोबदला. घर राहण्यायोग्यच उरले नाही, तर भाडे कशाचे घ्यायचे? कोणाचे नुकसान करू नये आणि नुकसानीच्या बदल्यातही नुकसान करू नये, हा हदीसमधून आलेला नियम फुकहांनी व्यवहाराचा पाया मानला आहे. भाडे कमी मिळते म्हणून इमारत मुद्दाम खचू द्यावी, म्हणजे भाडेकरू आपोआप निघून जातील, असा विचार या नियमाच्या सरळ विरोधात जातो. त्यात माणसांचे प्राण पणाला लागतात.

मग ईमानवंत घरमालकाने काय करावे?

पहिली गोष्ट, करार लिहावा. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा कुरआनमध्ये आहे (सूरह अल-बकरा, आयत 282). तोंडी आश्वासनावर घर देणे आणि पुढे शब्द फिरविणे हे मुस्लिमाला शोभत नाही. पागडीच्या रकमेची पद्धत शरीअतला धरून आहे की नाही, हे व्यवहारापूर्वी आलिमांना विचारावे. प्रत्येक रकमेची पावती द्यावी.

दुसरी गोष्ट, अडचणीत असलेल्याला सवड द्यावी. कर्जदार तंगीत असेल तर त्याची स्थिती सुधारेपर्यंत मुदत द्यावी आणि माफ केले तर ते अधिक उत्तम, असे मार्गदर्शन आहे (सूरह अल-बकरा, आयत 280). नोकरी गेलेला तरुण, आजारी कारागीर, इद्दतमध्ये असलेली विधवा यांच्या दारात पहिल्या तारखेलाच उभे राहू नये. पाणी बंद करून वसुली करणे हा तर उघड जुलूम आहे.

तिसरी गोष्ट, पुनर्विकासात दुर्बलाचा वाटा प्रथम सुरक्षित करावा. मस्जिद-ए-नबवीची जागा सहल आणि सुहैल या दोन अनाथ मुलांची होती. ती विनामूल्य देण्याची तयारी असूनही प्रेषितांनी (स.) किंमत देऊनच जागा घेतली. अल्लाहचे घर उभारतानाही अनाथांचा हक्क बुडविला गेला नाही, मग आपला मनोरा उभारताना कसा बुडवता येईल? ज्या भाडेकरूला कागद वाचता येत नाहीत त्याला ते समजावून सांगावेत. संक्रमण शिबिरात गेलेल्या वृद्धाला परत आणण्याची तारीख लेखी द्यावी. तळमजल्यावर पिढ्यान्‌पिढ्या बसणारा बेकरीवाला किंवा शिंपी यालाही नव्या इमारतीत परवडेल अशी जागा ठेवावी. असे छोटे व्यावसायिक गेले की वस्तीची वस्तीपणा हरवते.

चौथी गोष्ट, आणि कदाचित सर्वांत कठीण, दार सर्वांसाठी उघडे ठेवावे. आपल्यापैकी अनेकांनी हा अनुभव घेतला आहे. फोनवर घर रिकामे असते, बोलणी होतात आणि नाव सांगताच ते घर अचानक दिले गेलेले असते. त्या क्षणी मनाला काय वाटते, हे आपल्याला सांगावे लागत नाही. मग आपल्या इमारतीत आपण काय करतो? परप्रांतीय मजूर, एकटी नोकरी करणारी भगिनी, दलित कुटुंब, दुसऱ्या धर्माचा किंवा दुसऱ्या मसलकचा माणूस आला की आपणही तेच शब्द वापरतो काय? शेजाऱ्याविषयीच्या आज्ञेत धर्माची अट नाही. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्या घरी बकरी कापली गेली, तेव्हा आपल्या यहुदी शेजाऱ्याला वाटा पाठविला की नाही, हे त्यांनी आवर्जून विचारले. जो अन्याय आपल्याला टोचतो तो दुसऱ्यावर करणाऱ्याला तक्रारीचा नैतिक अधिकार उरत नाही.

पाचवी गोष्ट, इमारतीबाहेरचाही विचार करावा. रस्त्यातील अडथळा दूर करणे ही ईमानची एक शाखा आहे. हजरत उस्मान (रजि.) यांनी रूमाची विहीर विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली. दाराशी वाटसरूंसाठी थंड पाणी, वृद्धांना टेकायला ओटा, जिन्यात रात्रभर दिवा, तळमजल्यावर मुलांच्या अभ्यासासाठी एक खोली, हे एखाद्या घरमालकाला सहज शक्य आहे. बारीकसारीक उपयोगाच्या वस्तूही नाकारणाऱ्यांचा निषेध सूरह अल-माऊनमध्ये आला आहे.

भाडेकरू बंधूंनाही दोन शब्द. मालकाला नाममात्र भाडे देऊन तीच खोली दुसऱ्याला चढ्या दराने देणे, ऐपत असूनही दुरुस्तीचा वाटा न उचलणे, मुदत संपूनही जागा अडविणे, हाही जुलूम आहे. वीतभर जमीन अन्यायाने बळकावणाऱ्याच्या गळ्यात कयामतच्या दिवशी सात जमिनींचा फास पडेल, हा इशारा मालक आणि भाडेकरू दोघांनाही सारखाच लागू आहे.

बंधू-भगिनींनो, एक दिवस आपण सर्व काही मागे सोडून एका अरुंद जागेत जाणार आहोत. तिचा करार आपल्या हातात नाही आणि तेथे कोणाचीही पागडी चालत नाही. त्या दिवसापूर्वी या आठवड्यातच एक काम करावे. घरमालकाने आपल्या इमारतीतील सर्वांत दुर्बल भाडेकरूच्या दारी स्वतः जावे, सलाम करावा, छताकडे पाहावे आणि काय दुरुस्त करावयाचे आहे ते विचारावे. भाड्याचा विषय त्या दिवशी काढू नये.

अल्लाह आपल्याला शेजाऱ्यांचे हक्क ओळखण्याची आणि ते अदा करण्याची सद्बुद्धी देवो. मोडकळीस आलेल्या इमारतींत राहणाऱ्या सर्वांचे तो रक्षण करो. आमीन.